सातव्या टेबलावरची हंडी

चोवीस जुलैला सकाळी आठ वाजता माझ्यासमोर दोन अर्ज होते आणि दोन्ही अर्धवट होते. एकावर फक्त अर्विला जॉर्गनसनचं नाव होतं, दुसऱ्यावर फक्त थेन मिकल्सनचं. जोडीदाराची जागा दोन्हीकडे कोरी.

गेली अकरा वर्षं निखाऱ्यांवर हंडीत रांधायच्या आमच्या गावच्या स्पर्धेत नावं नोंदवायचं आणि वेळ सांगायचं काम माझ्याकडे आहे. पण या दोघांचे अर्ज असे कोरे मी कधी पाहिले नव्हते. या अकरा वर्षांत पाचदा अर्विला जिंकली होती, सहादा थेन. चोवीस जुलैला आमच्या खापरपणजोबांच्या बैलगाड्या या खोऱ्यात पोचल्या म्हणून सकाळी मिरवणूक निघते, झेंडे लागतात, पोरं फटाके उडवतात. पण खरं सांगायचं तर अर्धं गाव बागेत येतं ते या दोघांतलं कोण कुणाला हरवतंय ते बघायला.

"नोला कुठाय?" मी अर्विलाला विचारलं. नोला तिची धाकटी बहीण, दर वर्षीची जोडीदार.

"शेजारच्या राज्यात, आयडाहोत. लेकीला तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या. पहाटे चारला गाडी काढून गेली." अर्विलानं हंड्यांची पेटी धाडकन खाली ठेवली. "मी म्हटलं, नोला, एक दिवस थांबता येणार नाही का तिला? तर माझ्यावरच ओरडली."

अर्विला अडुसष्ट वर्षांची. तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. गावात पन्नाशीच्या आतलं असं कुणी नाही ज्याला तिनं कधी ना कधी 'खाली बस' म्हटलेलं नाही.

तेवढ्यात थेन आला. हा विजेच्या तारांवर काम करणारा, एक्केचाळीस वर्षांचा, दारातून वाकून शिरावं लागेल एवढा उंच. त्याचा दर वर्षीचा जोडीदार, म्हणजे त्याचा मेव्हणा, वणवा विझवणाऱ्या पथकात आहे. आदल्या संध्याकाळी उत्तरेच्या डोंगरावर वीज पडून रान पेटलं, आणि पथक निघून गेलं.

"मर्ना, एकट्यानं चालेल का गं?" त्यानं मला विचारलं.

"नाही चालणार. नियम आहे. पेटत्या निखाऱ्यांची हंडी एकट्यानं उचलायची नाही."

"मी खांबावर एकटा चढतो."

"खांबावर चढ मग. इथं दोघं लागतात."

समितीचे प्रमुख डेलमार बॅग्ली मागेच उभे होते. मिशीतल्या मिशीत हसत ते म्हणाले, "दोन अर्धे अर्ज आहेत ना? मग एक पुरा होतो की."

मग थेन म्हणाला, "मी आणि बाई?" बसमधल्या सवयीनं तो अजूनही तिला बाईच म्हणतो.

"हा?" अर्विला म्हणाली. "तिसरीत असताना यानं माझ्या बसच्या सीटखाली च्युइंग गमचे सतरा गोळे चिकटवले होते. मी खरवडलेत सुरीनं."

"बाई, बत्तीस वर्षं झाली त्याला."

"सीटला अजून डाग आहे."

"एक तर दोघं मिळून उतरा, नाहीतर दोघंही घरी जा," डेलमार म्हणाले. "मर्ना, दहा वाजता शिट्टी. मी चाललो मिरवणुकीला."

अर्विलानं माझ्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि थेनच्या अर्जावर, त्याच्या नावाच्या वर, जागा नसताना, आपलं नाव लिहिलं.

बातमी मिरवणुकीच्या पुढं पळाली. शेवटचा ट्रॅक्टर बागेशी पोचेपर्यंत सातव्या टेबलाभोवती माणसांचं कडं झालं होतं. लोक घरून खुर्च्या घेऊन आले. एकानं तर गाडीच्या टपावर बसकण मारली. इतर आठ टेबलांवरचे स्पर्धकसुद्धा मान वळवून वळवून बघत होते. सहाव्या टेबलावर ग्लेन आणि मॉयरा टटल हे नवरा-बायको होते. बिचारे दर वर्षी भाग घेतात, दर वर्षी तिसरे येतात.

"मॉयरा, कांदा बघ, तिकडं काय बघतेस!" ग्लेन म्हणाला.

"तूच बघ कांदा. मला हे चुकवायचं नाहीये."

दहाला मी शिट्टी फुंकली. तीन तासांत तीन पदार्थ : एक जेवणाचा, एक पाव, एक गोड. चूल नाही, गॅस नाही. फक्त तीन पायांच्या बिडाच्या हंड्या, खाली निखारे आणि उभ्या काठाच्या झाकणावर निखारे. बरोबर एकला तिन्ही ताटं परीक्षकांपुढं.

पहिली पंधरा मिनिटं दोघांची भांडण्यातच गेली. दोघांनीही तिन्ही पदार्थांचं सामान आणलं होतं. डुकराच्या बरगड्या थेनच्या, हे अर्विलानं मुकाट्यानं मानलं, कारण त्या बरगड्यांनीच ती तीनदा हरली होती. संत्र्याचे गोड पाव अर्विलाचे, हे थेननं मानलं. गोडाला मात्र दोघांकडे ओले जर्दाळू होते. दोघांच्याही परसातल्या झाडाचे, आणि दोघांच्याही मते दुसऱ्याचे आंबट.

"खा. खाऊन बघ," अर्विला त्याच्या तोंडापुढं जर्दाळू धरून म्हणाली.

थेननं खाल्ला. डोळे बारीक केले. "बरा आहे."

"बरा?"

"बाई, माझा खा आता."

तिनंही खाल्ला. बराच वेळ चघळला. "झाडाला पाणी जास्त घालतोस," ती म्हणाली; पण गोडाला त्याचेच जर्दाळू घेतले, आणि वरचं पीठ मात्र आपलं.

मग निखाऱ्यांवरून सुरू झालं. थेन मोजणारा माणूस. बारा इंची हंडी, तर वर सोळा, खाली आठ, आणि दर पंधरा मिनिटांनी हंडी एकीकडे फिरवायची, झाकण दुसरीकडे. खिशातल्या वहीत सगळं लिहिलेलं. अर्विला झाकणावर तळहात धरते, मनात आकडे म्हणते, आणि हात मागे घ्यावासा वाटला की तिला कळतं.

"सोळा झाले, बाई. पुरे."

"अजून दोन ठेव."

"वहीत सोळा आहेत."

"वहीला हात आहे का?"

लोक हसले. थेन कानापर्यंत लाल झाला, पण दोन निखारे ठेवले. पुढच्या खेपेला तिनं एक काढायला सांगितला तर त्यानं ऐकलं नाही, आणि मग त्या बाजूचे पाव जरा जास्तच करपट तांबूस झाले. यात कोण बरोबर आणि कोण चूक यावरून गाडीच्या टपावरचा माणूस आणि खालच्या खुर्चीतली त्याची सासू यांच्यात वेगळंच भांडण जुंपलं.

पण साडेअकरापर्यंत काहीतरी घडलं होतं. मला वरून, व्यासपीठावरून, ते दिसत होतं. अर्विलानं हात पुढं केला की थेन न विचारता चिमटा देत होता. त्यानं हंडी उचलली की तिनं आधीच खालची राख झाडलेली असायची. दोघं बोलत होते, भांडतही होते, पण हात भांडत नव्हते. बरगड्यांच्या हंडीतून गूळ-मोहरीसारखा एक वास निघाला होता. त्या रश्शात थेन रूट बियरची अख्खी बाटली ओततो, ती आमच्याकडं पोरं पितात तसली, बिनदारूची, मसालेदार, फेसाळ. तो वास वाऱ्यावर बागभर फिरत होता आणि शर्यतीत धावायला आलेली पोरंसुद्धा रांग सोडून येत होती.

वारा. तोच नडला. आमच्याकडं दुपारी खिंडीतून वारा सुटतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो एकनंतर सुटतो. त्या दिवशी बारा-वीसला पहिला झोत आला. झेंडे फडफडले, कागदी ताटल्या उडाल्या, आणि प्रत्येक टेबलावरचे निखारे एकदम लालभडक झाले.

अर्विला जर्दाळूच्या हंडीपाशी होती. वाऱ्यानं निखारे भडकलेत, वरचं पीठ जळेल, ही भीती तिला वाटली, आणि ती खरी होती. तिनं लोखंडी आकडा झाकणाच्या कडीत अडकवला.

"बाई, थांबा! मी उचलतो!" थेन पलीकडून ओरडला.

"एक झाकण उचलता येत नाही का मला?"

तिनं उचललं. झाकण बिडाचं, वर अठरा निखारे. अर्ध्यावर दुसरा झोत आला, मनगट वळलं, झाकण कलंडलं आणि वरचा सगळा पसारा, राख, निखारे, सगळं, सरळ जर्दाळूंवर. फस्स करून धूर निघाला.

मॉयरा टटलनं तोंडावर हात ठेवला. अर्विला आकडा हातात धरून तशीच उभी राहिली. चेहरा पांढराफटक. तीस वर्षं बर्फातून, निसरड्या घाटातून बस चालवताना या बाईचा चेहरा कुणी असा पाहिला नव्हता.

"माझ्यामुळं," ती म्हणाली. "थेन, माझ्यामुळं झालं."

सगळे थेनकडं बघत होते. मीही. त्यानं हंडीत पाहिलं. मग वर माझ्याकडं पाहिलं.

"मर्ना, किती वेळ?"

"अडतीस मिनिटं," मी भोंग्यातून सांगितलं.

"बाई," तो म्हणाला, "रडायचं असेल तर एकनंतर रडू. मीही रडेन. आत्ता सांगा, काय आहे आपल्याकडं?"

अर्विलानं आकडा खाली ठेवला. एप्रनला हात पुसले. "माझे जर्दाळू आहेत. आंबट."

"उत्तम आहेत तुमचे जर्दाळू. अजून?"

"पावाचं पीठ उरलंय. मी जास्तच मळते. पण भाजायला वेळ नाही, पंचवीस मिनिटं लागतील आणि फुगायला वीस."

"भाजायचं नाही मग. उकडलं तर?"

"पाव उकडायचा?"

"पाव नाही. काहीतरी."

अर्विलानं उरलेलं पीठ हातात घेतलं. मग तिचे डोळे चमकले. व्यासपीठावरून मला ते स्पष्ट दिसलं, शपथेवर सांगते. "गोळे!" ती म्हणाली. "जर्दाळूभोवती पीठ. बी काढून आत साखर. पाकात सोडायचे, वर झाकण. तुझ्या त्या रूट बियरची बाटली उरलीय का?"

"दोन उरल्यात."

"दुसऱ्या हंडीत ओत! लोणी घाल! काय बघतोस?"

आणि मग जे सुरू झालं त्याला मी स्वयंपाक म्हणणार नाही. थेन सुरीनं जर्दाळू फोडत होता, बिया हवेत उडत होत्या. अर्विला एकेका फळात तपकिरी साखरेची चिमूट दाबून, भोवती पीठ लपेटून, तळहातांत फिरवून गोळा टाकत होती. चार सेकंदांत एक. लोक मोजायला लागले. "तीन! चार! पाच!" मॉयरा टटल तर स्वतःच्या टेबलाकडं पाठ करून टाळ्या वाजवत होती, आणि ग्लेन मागे आपल्या हंडीशी एकटाच झगडत होता.

"निखारे!" अर्विला ओरडली.

आता खरी पंचाईत झाली. वाऱ्यानं निखारे भसाभस जाळून टाकले होते. नवे कोळसे पेटायला वीस मिनिटं लागतात. धगधगीत निखारे फक्त एकाच ठिकाणी होते, बरगड्यांच्या हंडीखाली. आणि बरगड्यांना अजून वीस मिनिटं हवी होती. थेनच्या वहीत तसं लिहिलेलं होतं.

तो बरगड्यांच्या हंडीपुढं थांबला. त्याच बरगड्यांसाठी गेल्या वर्षी शेजारच्या खोऱ्यातली माणसं चाळीस मैल गाडी चालवत आली होती.

"नको," अर्विला म्हणाली. "राहू दे. गोडाशिवाय जाऊ. दोनच पदार्थ ठेवू."

"बीड गरम राहतं," थेन म्हणाला, जणू स्वतःलाच. "आतल्या आत शिजतील. बहुतेक." आणि त्यानं फावडं उचललं.

"किती घेतोस?" अर्विलानं विचारलं.

"मोजत नाहीये!"

बागेत जो आरडाओरडा झाला तो ऐकून मिरवणुकीतले दोन घोडे बिथरले म्हणतात. थेननं सगळे निखारे एका फावड्यात नव्या गोड हंडीखाली सरकवले. पाक खदखदला. अकरा गोळे एकापाठोपाठ आत गेले, आणि अर्विलानं झाकण लावलं. या वेळी झाकणाला थेनचाही हात होता.

"पंधरा मिनिटं," ती म्हणाली. "मधे उघडलं तर बसतील. चिकट लगदा होईल."

"कोण उघडणार? मी नाही," थेन म्हणाला.

"मीही नाही."

दोघं हाताची घडी घालून हंडीकडं बघत उभे राहिले. ती पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पंधरा मिनिटं होती, आणि मी तीन मुलं जन्माला घातलीत. वेळ सांगणाऱ्या बाईनं कुणाची बाजू घ्यायची नसते. मी घेतली नाही. पण एकदा मी 'दहा मिनिटं' म्हणायच्या जागी 'दहा गोळे' म्हणाले.

अर्विलाचा हात दोनदा आकड्याकडं गेला. दोन्ही वेळा थेननं नुसतं खाकरून दाखवलं. मग थेनच गुडघ्यावर बसला आणि झाकणाजवळ कान नेला.

"काय ऐकू येतंय?"

"गुडगुड."

"कसली गुडगुड? जाड की पातळ?"

"बाई, गुडगुड जाड कशी असते?"

"सरक तिकडं." ती अडुसष्ट वर्षांची बाई गुडघे टेकून त्याच्या शेजारी बसली आणि कान लावला. "जाड आहे," ती समाधानानं म्हणाली. "होतंय."

बारा-त्रेपन्नला त्यांनी झाकण उचललं. दोघांनी मिळून, चार हातांनी, सरळ वर, वाऱ्याच्या उलट दिशेला. वाफ निघून गेली आणि पुढची रांग चवड्यांवर उभी राहिली.

तीन गोळे फुटले होते. त्यांतला जर्दाळूचा केशरी रस पाकात पसरला होता. बाकीचे आठ टम्म फुगून, चकाकत, एकमेकांना खेटून बसले होते. अर्विलानं काही न बोलता थेनच्या दंडावर एवढ्या जोरात चापट मारली की तो कळवळला.

ताटं एकला दोन मिनिटं कमी असताना परीक्षकांपुढं गेली. परीक्षक तिघं होते, त्यातला एक शेजारच्या खोऱ्यातला खडूस म्हातारा, जो कधीच दुसरा घास घेत नाही. ताटावर नाव नसतं, नुसता क्रमांक. त्यानं बरगडी चावली, जरा ओढून तोडावी लागली त्याला, आणि थेननं डोळे मिटले. मग म्हाताऱ्यानं पाव खाल्ला, करपट बाजू बोटानं बाजूला काढली. मग गोळा. त्यानं चमच्यानं मधोमध कापला, आतली वितळलेली साखर वाहिली, त्यानं तोंडात घातला. आणि दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"बघितलंस?" अर्विला कुजबुजली, पण तिची कुजबूज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारी. सगळ्या बागेनं ऐकली.

निकाल डेलमार बॅग्लींनी वाचला. गोड पदार्थांत पहिलं, सातवं टेबल. एवढं म्हणेपर्यंत ठीक होतं, पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. थेननं अर्विलाला उचललं. ती ओरडत होती, "खाली ठेव, गाढवा, पाठ मोडेल," पण कुणाची ते तिनं सांगितलं नाही.

गोंधळ जरा थांबल्यावर डेलमारनी घसा साफ केला. एकंदरीत पहिलं, सहावं टेबल. ग्लेन आणि मॉयरा टटल.

मॉयरानं किंकाळी फोडली. खरीखुरी, घाबरवणारी किंकाळी. "आम्ही? आम्ही? ग्लेन, आपण! काय केलं होतं आपण?"

"मला काय विचारतेस," ग्लेन म्हणाला. "तुझं लक्ष होतं कुठं? मी एकट्यानं केलं सगळं!" आणि तो हसता हसता रडायला लागला. पंधरा वर्षं तिसरा येणारा तो माणूस. आमच्या लोकांनी त्या दोघांना जेवढ्या टाळ्या दिल्या तेवढ्या मी त्या बागेत कधी ऐकल्या नाहीत. थेन आणि अर्विला तर सगळ्यात पुढं, बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारत. ते दोघं दुसरे आले होते, दीड गुणानं. बरगड्यांनी घात केला त्यांचा.

"वीस मिनिटं कमी पडली," थेन म्हणाला.

"माझ्यामुळं."

"हो. तुमच्यामुळंच." तो हसला. "पण गेल्या वर्षीच्या बरगड्या कुणाला आठवतील का बाई? आजचे गोळे आठवतील."

पुढच्या वर्षी काय, हे मी त्यांना विचारलं. नोला परत येईल, मेव्हणाही. दोन अर्ज पुन्हा वेगळे होतील का?

"अर्थात," अर्विला म्हणाली. "हरवणार आहे याला."

"स्वप्नात," थेन म्हणाला.

मला पदार्थाचं नाव लिहून घ्यायचं होतं, नोंदवहीत लागतं. थेन म्हणाला, 'बसबाईचे गोळे'. अर्विला म्हणाली, असलं काही लिहिलंस तर मर्ना, उद्यापासून तुझ्याशी बोलणार नाही. मग दोघं त्यावर वाद घालत हंडीपाशी गेले. तळाशी ते फुटलेले तीन गोळे पाकात विरघळून पडले होते. चमचा एकच होता. आधी तिनं खाल्लं, मग त्यानं.

"दालचिनी हवी होती," थेन म्हणाला.

"मुळीच नको. जायफळ."

"जायफळ? बाई, जर्दाळूला जायफळ?"

पोरांच्या पोत्यातल्या शर्यतीला ती जागा लागणार होती, म्हणून मी भोंग्यातून तीनदा सांगितलं, सातवं टेबल रिकामं करा. कुणी ऐकलं नाही. शेवटी पोरांनीच पोती उचलली आणि शर्यत त्या टेबलाला वळसा घालून पलीकडून धावली.